मदत हवी आहे: करवीरमध्ये सोयाबीन काढणीला आलंय, पुढचा आठवडा कसा धरायचा?

मंडळी, पंचगंगेच्या काठापासून थोडं वर आमचं रान आहे. हस्त संपून चित्रा लागल्या तरी पाऊस उघडीप देत नाही. सोयाबीनची पानं गळालीत, शेंगा तांबूस पडल्यात, झाड हलवलं की दाणा खुळखुळतो. बांधाकडेच्या सखल सऱ्यांत मात्र काल एक शेंग फोडली, तर दाणा फुगलेला आणि टोकाला पांढरा कोंब. बाकीचं रान अजून चांगलं आहे, म्हणून तर जीव वरखाली होतोय.

पैऱ्याची, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबणारी माणसं गुरुवारी मिळणार आणि मळणी मशीनवाल्यानं शनिवार दिलाय. म्हणजे कापलेलं पीक मधले दोन दिवस रानात पडून राहणार. हवामान खात्याचा आठवडाभर यलो अलर्ट आहे. फोनवरचं एक ॲप शुक्रवारी ८० टक्के पाऊस दाखवतंय, दुसरं कोरडं. प्रत्यक्षात सकाळी लख्ख ऊन, दुपारी अंगाची काहिली, चारच्या सुमाराला पूर्वेकडून ढग भरून येतात आणि विजांसकट झोडपून जातात. काल आमच्याकडे धो धो कोसळला, पलीकडच्या गावात रस्तासुद्धा भिजला नाही.

हा अंदाज वाचायचा तरी कसा? गुरुवारी कापावं की थांबावं? थांबलो तर कडक उन्हानं शेंगा तडकून दाणा रानातच सांडणार. त्याच रानात पुढं उसाची लागणही करायची आहे. बाबा म्हणतात कापून टाकू. विजा कडाडत असतानाही ते रानातून हलत नाहीत, त्याची मला पिकापेक्षा जास्त काळजी आहे.

प्रतिसाद, हातकणंगले

दादा, यलो म्हणजे लक्ष ठेवा, एवढंच. रंगावर जाऊ नका, खालचा मजकूर वाचा. 'तुरळक ठिकाणी' लिहिलं असेल तर त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' असेल तर ५० टक्क्यांपर्यंत. घाटाचा इशारा वेगळा देतात, गगनबावड्याचा आकडा करवीरला लावू नका.

मुख्य म्हणजे अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, ते बघा. त्याचा रोख आपल्याकडे असला तर आभाळ दिवसभर गच्च राहतं आणि पाऊस दोन-तीन दिवस मुक्काम करतो. तसं असेल तर विळा लावूच नका. नसेल, तर तुम्ही सांगताय तो दुपारचा पाऊस. जमीन तापते, हवेत ओल असतेच, ढग उभे वाढतात आणि सापडेल त्या गावावर रिकामे होतात. नेमकं कुठलं गाव, हे चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा येतो, तो दुपारी बघत राहा. सकाळ मात्र हाताशी असते.

प्रतिसाद, कागल

मी असते तर गुरुवारी कापलं असतं, पण झाकता येईल तेवढंच. दुपारी दोनच्या आत उंचवट्यावर ढीग, वर ताडपत्री, भोवती चर. सकाळी ऊन आलं की ताडपत्री काढायचीच, नाहीतर आत वाफ धरते आणि दाणा काळा पडतो. कोंब आलेल्या सऱ्या वेगळ्या काढा, चांगल्या मालात मिसळू नका. हमीभावानं घालायचं असेल तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, तेव्हा मळणीनंतरही खळ्यावर ऊन द्यावं लागणार.

बाबांच्या फोनवर 'दामिनी' ॲप घालून द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडली की दाखवतं. गडगडाट ऐकू आला की रान सोडायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत जायचं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ॲप घातलं, बाबांना आवाजही ऐकवला. सखल सऱ्या वेगळ्या काढतोय. आताच्या पत्रकात कमी दाबाचा उल्लेख नाही, त्यामुळं गुरुवार नक्की. मशीनवाला शनिवारच्या आधी यायला तयार झालाय, पण शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे ऐन पावसाच्या वेळेला. करवीर-पन्हाळा भागात शुक्रवारी सकाळी मळणी करून देणारं कुणी माहीत असेल तर कृपया इथंच कळवा.