पुन्हा चालती केलेली एमजीबी एका बाजूला का ओढते?

प्रश्न: बरीच वर्षे उभी असलेली एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पुन्हा चालती केली आहे. खड्ड्यावरून गेल्यावर ती डावीकडे ओढते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. तपासणी कोठून सुरू करावी?

उत्तर १: अलाइनमेंटवर (चाकांचे कोन जुळवण्यावर) इतक्यात खर्च करू नका. पुढचे चाक जॅकवर उचला आणि वरून व खालून धरून हलवा. कोणी ब्रेक दाबून धरल्यावरही खुळखुळ राहिली, तर दोष बेअरिंगचा नसून बहुधा किंगपिनचा (ज्या उभ्या खिळीभोवती चाक वळते तिचा) असतो. जड, परत न फिरणारे स्टिअरिंग हे कोरड्या किंगपिनचे नेहमीचे लक्षण आहे. ग्रीस भरताना चाक अधांतरीच ठेवावे.

उत्तर २: सहमत; मात्र या गाडीत पुढच्या लिव्हर-शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच वरच्या विशबोनचे (चाक गाडीला जोडणाऱ्या दुबेळक्या दांड्याचे) काम करतो, त्यामुळे त्याचा शाफ्ट झिजला की कॅम्बरही (चाकाचा उभा कलही) बदलतो. तेथे तेलाचे ओघळ आहेत का?

प्रश्नकर्ता: डावीकडे आहेत, आणि ब्रेक दाबूनही त्या चाकाची खुळखुळ जात नाही.

उत्तर २: मग किंगपिन आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच वेळी उतरवा.