मांजराचा कान अचानक बिघडला तर घरातले थेंब घालावेत का?

बोक्याची_ताई
माझं मत सरळ आहे. कानाच्या आत काय झालंय हे कुणीतरी नीट पाहिल्याशिवाय मांजराच्या कानात काहीही घालू नये. तेल नको, मागच्या खेपेचे उरलेले थेंबही नकोत.

परवा सकाळी आमचा बोका उठला तो मान उजवीकडे कलती करूनच. भिंतीला टेकत चालत होता, खुर्चीवर उडी मारायला गेला आणि खाली पडला. आदल्या रात्री अगदी ठणठणीत होता. कपाटात गेल्या वर्षीचे कानाचे थेंब होते. नवरा म्हणाला, घालून टाक. मी बाटली उघडलीही होती. पण त्याची बुबुळं आपोआप एका बाजूला सरकताना दिसली आणि मी थांबले. डॉक्टरांनी आत पाहिलं तर मधल्या कानात संसर्ग होता आणि कानाचा पडदा फाटलेला. त्या थेंबांत जेंटामायसिन हे प्रतिजैविक होतं. पडदा शाबूत नसताना ते आत उतरलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, तोलही जातो. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

वेगळं मत असेल तर जरूर लिहा, पण कारणासकट.

तीन_मांजरं
असहमत. तुमच्या बोक्याचं खरंच गंभीर होतं, पण दर वेळी पडदा फाटलेला नसतो. माझ्या तिघींना आळीपाळीने कानात माइट्स, म्हणजे बारीक किडे, होतात. कॉफीच्या चोथ्यासारखी काळी, भुगाभुगा घाण, दोन्ही कानांत, आणि सतत खाजवणं. दर वेळी तेच थेंब, चार-पाच दिवसांत आराम. थोरली तर पिंजरा बाहेर काढला तरी तोंड उघडून धापा टाकायला लागते. दवाखान्यातून आणली की दोन दिवस पलंगाखाली, खाणंपिणं बंद. हा त्रास तुम्ही हिशेबात धरतच नाही.

जुना_बोकेवाला
मी इतकी वर्षं कोमट तेलाचे दोन थेंबच घालत आलोय. घाण मऊ होते, मांजर स्वतःच मान झटकून बाहेर टाकतं. एकाही मांजराला अपाय झाला नाही.

दवाखान्यात_मदतनीस
मी पशुवैद्यांच्या हाताखाली काम करते, त्यामुळे या चर्चेत गप्प बसवत नाही.

तीन_मांजरं, तुमचा 'आळीपाळीने' हा शब्दच सगळं सांगतो. माइट्सचं अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र साधारण 3 आठवड्यांचं असतं. चार-पाच दिवसांत खाज थांबली म्हणून औषध बंद केलं की उरलेली अंडी फुटतात, आणि तोवर किडे दुसरीच्या कानात पोचलेले असतात. घरातल्या सगळ्या मांजरांवर, कुत्रा असेल तर त्याच्यावरही, एकाच वेळी आणि पूर्ण मुदतीचा उपचार हवा. शिवाय काळी घाण म्हणजे माइट्सच असं नाही. यीस्ट ही बुरशी वाढली तरी गडद तपकिरी मळ येतो. ती घाण काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की काही मिनिटांत कळतं.

थोरलीच्या त्रासाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे आणि तो आम्ही लोक कमी लेखतो. निघण्याआधी देण्यासाठी डॉक्टर गॅबापेंटिन हे मांजराला शांत करणारं औषध लिहून देऊ शकतात. तोंड उघडून धापा टाकते हेही त्यांना सांगा. ते नुसत्या भीतीमुळेच असेल असं नाही, हृदयाचा किंवा दम्याचा त्रासही असू शकतो.

काका, तेलाचं म्हणाल तर ते आत गेल्यावर पडदा दिसणंच अवघड होतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणी टी ट्री तेल वापरू नका, मांजरांना ते विषारी आहे. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं पिसवांवरचं औषधही मांजराचा जीव घेऊ शकतं.

जुना_बोकेवाला
टी ट्रीचं माहीत नव्हतं. पण साधं तेल आणि ते एकाच पारड्यात टाकू नका. मांजराचा कान आत वळलेला असतो, काडीने पुसलं की घाण खोल ढकलली जाते. माझं तेल त्यापेक्षा बरंच म्हणायचं.

मनीवाली
काडीपेक्षा बरं असेल, पण डॉक्टरांना दाखवण्यापेक्षा बरं नाही. आमच्या मनीची कानाची पाळी एका संध्याकाळीत उशीसारखी फुगली. आपोआप जिरेल म्हणून मी वाट पाहिली. फुगा जिरला, पण कान चुरगळल्यासारखा आक्रसला तो कायमचा. खाजेने डोकं झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटली होती, आणि मूळ खाज तशीच होती.

तीन_मांजरं
मदतनीस ताई, तिघींना एकदम औषध द्यायचं हे पटलं. तेवढी चूक माझी. तरी नुसती खाज असेल, खाणंपिणं आणि चालणं नेहमीचं असेल, तर मी थोरलीला लगेच पिंजऱ्यात कोंबणार नाही. एक दिवस पाहीन.

बोक्याची_ताई
एक दिवस पाहायला माझी ना नाही. त्या दिवसात कानात काही घालू नका, एवढाच माझा आग्रह. पण मान कलली, तोल गेला, बुबुळं सरकू लागली, एका डोळ्यावर आतला पांढरा पडदा आला किंवा रक्त, पू दिसला, तर तो दिवससुद्धा थांबू नका.

बोक्याची मान अजून थोडी कलतीच आहे. बशी जमिनीवर न ठेवता जरा उंच ठेवली तर आज भिंतीचा आधार न घेता उभा राहून खाल्लं त्याने.

तीन_मांजरं
त्याला बरं वाटू दे. पण घरात आधी गुण आलेलं औषध असताना मांजराला दिवसभर खाजवत ठेवणं मला अजूनही जमणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगते.