रुईवरचा मावा पऱ्हाटीवर येत नाही
धुऱ्यावरची (बांधावरची) रुई माव्याचं, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचं, घर आहे, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) लागवडीआधी ती उपटून टाका, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. रुईवरचा मावा वेगळा. हळदीसारखं पिवळंधमक अंग, पाय काळे. तो रुई-कण्हेरीच्या कुळावरच राहतो, पऱ्हाटीवर उतरत नाही. पऱ्हाटीचा मावा भेंडी, वांगी, काकडीवरून येतो. लक्ष ठेवायचं तर तिकडे. युरोपात खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या नेटल झाडाचंही असंच आहे: त्यावरचा मावा पिकाला लागत नाही, पण मावा खाणारे ढालकिडे त्यावर आधीच पोसले जातात आणि पुढे शेतात शिरतात.

आपल्याकडे ते काम रुई करते. कोवळा शेंडा वाकवून पाहा. पिवळ्या माव्यात काळपट, काटेरी अळी फिरताना दिसेल, ती ढालकिड्याची. कीड समजून तिच्यावर फवारा मारला जातो, हे पाहून जीव तुटतो. काही मावे फुगून तपकिरी, कडक झालेले असतात. पाठीला गोल भोक असेल तर आतून माव्याला पोखरून मारणारी बारीक परोपजीवी गांधीलमाशी बाहेर पडून गेली. गाजरगवत मात्र खुशाल उपटा, त्यावर पऱ्हाटीलाही लागणारी पिठ्या ढेकूण ही कीड पोसते.