दुसरी-तिसरीची पोरं आपणहून पुस्तक धरत नाहीत, काय करू? पुस्तकंपण सुचवा (जत, सांगली)

जतच्या_बाई:
नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, दुसरी-तिसरी एकत्र माझ्याकडे. पोरांना वाचता येतं, जोडाक्षरंसुद्धा येतात, निपुणची (सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाची) चाचणी घेतली की धडाधडा वाचून दाखवतात. पण चाचणी संपली की पुस्तक खाली. मधल्या सुट्टीत कुणी गोष्टीचं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलंय असं फार क्वचित दिसतं. आणि ज्या दिवशी दिसतं ना, त्या दिवशी मला घरी जाईपर्यंत बरं वाटत राहतं. परवा तिसरीतली एक पोरगी गोष्ट वाचता वाचता स्वतःशीच मोठ्यानं हसली, अख्खा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला "काय गं काय झालं" करत. असं रोज व्हावं एवढंच हवंय मला.

अडचणी म्हणजे, पुस्तकं आहेत पण बरीचशी मोठ्या पोरांची, बारीक टायपातली. आईबाप म्हणतात गोष्टी कसल्या वाचतोस, अभ्यासाचं वाच. आणि आमच्याकडं निम्म्या घरांत कानडी बोलतात, त्या पोरांना मराठी वाचता येतं पण गोष्टीत रमत नाहीत ती. पुस्तकं सुचवा, उपाय सुचवा, सगळं चालेल.

वाईचे_गुरुजी:
बाई, पहिलं काम, कपाटातली पुस्तकं बाहेर काढा. वर्गात पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मधोमध उघडून त्यावर अडकवा, मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. नुसती कड दिसणारं पुस्तक एवढी पोरं उचलत नाहीत, हे मी नोकरीभर बघितलंय.

दुसरं, रोज तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचायचं. रोज म्हणजे रोज, दहा-पंधरा मिनिटं, परिपाठ झाला की लगेच, नाहीतर ते राहूनच जातं. वाचून झाल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, तात्पर्य सांगायचं नाही. आणि अधूनमधून ऐन रंगात आल्यावर थांबायचं, पुस्तक टेबलावर उघडं ठेवून ऑफिसात हजेरी द्यायला जायचं. परत आलात की दोघंतिघं त्यावर वाकलेली दिसतील, अडखळत वाचत असतील पण पुढं काय झालं ते त्यांना पाहिजे असतं.

फाटायची भीती वाटत असेल तर मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवा. साठा रजिस्टर कोरं करकरीत राहावं म्हणून पुस्तकं कुलपात ठेवणाऱ्या शाळा मी बघितल्यात, जीव तुटतो. चिकटपट्टी आणि कात्री पोरांच्याच हातात द्या, शनिवारी पुस्तकांचा दवाखाना भरवा, लई मन लावून चिकटवतात.

मिरजेची_पुस्तकवाली:
ताई, मी लहान मुलांची पुस्तकं विकते त्यामुळं जरा सविस्तर सांगते. या वयाला एका पानावर दोन-चार ओळी, टाईप मोठा आणि चित्रात बघायला भरपूर, असं पाहिजे. प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका, या तिन्हींत मराठीत चांगली चित्रपुस्तकं मिळतात. घेताना पान उघडून स्वतः मोठ्यानं वाचून बघा, वाक्य जिभेवर अडकलं तर ते ठेवून द्या.

शाळांकडून मागणी येते ती "100 बोधकथा" टाईप जाडजूड पुस्तकांची, पैशात जास्त पानं मिळतात म्हणून. मी तरी सांगते नका घेऊ. प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असतं, पोरांना तो धडाच वाटतो.

फुकटात पाहिजे असेल तर स्टोरीवीव्हर ही वेबसाईट बघा, प्रथम बुक्सचंच आहे, 2015 पासून चालू आहे. मराठीत ढिगानं गोष्टी आहेत, सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या केलेल्या, उतरवून घेऊन प्रिंट काढायला परवानगी आहे. आणि बालभारतीचं किशोर मासिक, 1971 सालापासूनचं. जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट वाचता येतात. पूर्ण अंक दुसरीला जड जाईल, पण कविता आणि कोडी काढून द्या.

कराडकर_पालक:
आमच्या मुलाच्या शाळेत तक्ता लावलाय, एक पुस्तक वाचलं की एक चांदणी, महिन्याला बक्षीस. पोरं नुसती तुटून पडलीत पुस्तकांवर. करून बघा.

वाईचे_गुरुजी:
कराडकर, राग मानू नका पण माझा याला विरोध आहे. चांदण्या लागल्या की पोरं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात आणि पानं उलटून परत देतात. जे पोर एकच पुस्तक पंधरा दिवस उराशी धरून परत परत वाचतं ते तक्त्यावर शेवटी राहतं. माझ्या मते खरा वाचणारा तोच असतो.

कराडकर_पालक:
हे पटलं गुरुजी. आमचाही एकच डायनासोरचं पुस्तक घेऊन झोपतो.

जतच्या_बाई:
सुतळीचं उद्याच करते. अजून एक विचारायचं होतं, एक मुलगा आहे, गोष्टीच्या पुस्तकाला हात लावत नाही पण रस्त्यानं जाताना एसटीची पाटी, खताची पिशवी, बैलगाडा शर्यतीचा बोर्ड, सगळं मोठ्यानं वाचत जातो. बैलांची नावं, मालकांची गावं तोंडपाठ. त्याला काय द्यावं?

पलूसची_ताई:
बाई त्याला तर वाचनाची आवड आहेच की! शर्यतीची जुनी पत्रकं आणायला सांगा त्याला, कोऱ्या वहीत चिकटवा, प्रत्येक बैलाबद्दल तो बोलेल ते तुम्ही त्याच्याच शब्दात, त्याच्याच बोलीत खाली लिहा. मग ती वही बाकीच्या पुस्तकांबरोबर सुतळीवर टांगा. मी हे ऊसतोडीवाल्यांच्या पोरांबरोबर केलं होतं. ती दिवाळीनंतर येतात आणि कारखाना बंद झाला की जातात, तेवढ्यात काय होणार असं वाटायचं. एकीनं बैलगाडीत संसार कसा भरतात ते सांगितलं, पितळी डबा कुठं, कोंबडी कुठं बांधायची, सगळं. मी लिहिलं, तिनं चित्रं काढली. पूर्ण वर्गात सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक ते. जाताना तिला द्यायला लागलं, मग आम्ही एक झेरॉक्स ठेवून घेतली.

आणि आईबापांचं म्हणाल तर पुस्तक घरी पाठवा आणि आजीला वाचून दाखवायचं एवढंच काम द्या. आजी खूश झाली की घरात कोण काय बोलत नाही.

पाचगणी_आई:
सहलीचं ठरत असेल तर भिलार बघा, पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर, पुस्तकांचं गाव. 4 मे 2017 ला सुरू झालं. लोकांच्या राहत्या घरांत विषयवार पुस्तकं ठेवलीत, बालसाहित्याचं घर वेगळं आहे, फुकट बसून वाचायचं. जतहून लांब पडेल, पण प्रतापगड करणार असाल तर वाटेतच आहे. फक्त अर्ध्या तासात उरकू नका, बस थांबवून फोटो काढून निघतात काही शाळा, पोरं नुकती कुठं पानं उघडायला लागलेली असतात.

मिरजेची_पुस्तकवाली:
ताई तुमचा कानडीचा प्रश्न राहिलाच. स्टोरीवीव्हरवर बऱ्याच गोष्टी मराठीत आणि कानडीत दोन्हीकडं आहेत, चित्रं तीच. दोन्ही प्रिंट काढून शेजारी शेजारी टांगा. तुम्हाला कानडी वाचता येत नसलं तरी चालेल, एखाद्या आईला नाहीतर मोठ्या बहिणीला बोलवा, तिनं आधी कानडीत वाचायचं, मग तुम्ही मराठीत. गोष्ट आधी कळलेली असली की मराठी वाचताना पोरं अडत नाहीत.

जतच्या_बाई:
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस ताई कानडी छान वाचतात, त्यांनाच विचारते सोमवारी. पुस्तकवाल्या ताई, तुमच्याकडून चित्रपुस्तकं घ्यायची म्हटलं तर शाळेच्या नावानं बिल मिळेल ना?

मिरजेची_पुस्तकवाली:
मिळेल की. मेसेज करा, आणि शक्य असेल तर दोन-चार पोरांना घेऊनच या, त्यांनाच निवडू दे.