कमी वापरल्या जाणाऱ्या भाषांमधलं सॉफ्टवेअर कसं शोधायचं?

पाटीपेन्सिल: मी संगणकाचे प्राथमिक वर्ग घेते. सध्या वर्गात काही संताली बोलणाऱ्या बायका आहेत. संतालीची ओल चिकी लिपी झरझर वाचतात, पण परक्या भाषेतला मेनू समोर आला की हात थबकतो. ॲप स्टोअरमध्ये भाषेचं नाव टाकलं तर नुसते शब्दकोश आणि गाणी येतात. इतर छोट्या भाषांनाही चालेल असा शोधायचा मार्ग कुणी सांगेल का?

बोरू: संतालीला छोटी नका म्हणू. २०११ च्या जनगणनेत ७३ लाखांहून जास्त लोकांची भाषा म्हणून तिची नोंद आहे.

स्टोअरचा नाद सोडा. आधी भाषेचा आयएसओ ६३९ कोड, म्हणजे प्रत्येक भाषेला जगभर ठरवून दिलेली दोन-तीन अक्षरी खूण, काढा, संतालीचा 'एसएटी'. मग वेबलेट, पोंटून, ट्रान्सलेटविकी अशा भाषांतराच्या साइटवर त्या भाषेचं पान उघडा. कुठल्या सॉफ्टवेअरचं किती टक्के भाषांतर झालंय ते तिथे कळतं. अर्धवट राहिलेलं नवशिक्यांना देऊच नका. एक बटण संतालीत आणि शेजारचं इंग्रजीत असलं की माणूस जास्तच बिचकतो.

फायरफॉक्स हा ब्राउझर संतालीत आहे, तिथून सुरुवात करा. ग्वारानी, ब्रेटन, अप्पर सॉर्बियनमध्येही आहे. लेखन-हिशेबाचं फुकट सॉफ्टवेअर लिबरऑफिस शंभराहून अधिक भाषांत मिळतं, पण विंडोजवर बसवताना 'कस्टम' निवडून भाषेवर खूण करा. बरेच जण ती पायरी गाळतात आणि मग आपली भाषा नाहीच असं धरून चालतात.

रानवाट: माझ्या मते मेनूच्या आधी टायपिंग. स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिता आलं पाहिजे, बाकीचं मागाहून. कीमॅन बघा. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, दोन हजारांच्या वर भाषांचे कीबोर्ड त्यात आहेत. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर 'नोटो सान्स ओल चिकी' हा फाँट टाका. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, ओल चिकी २००८ साली आली. त्याआधीच्या फाइली इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या फाँटमध्ये असू शकतात, त्या नव्या फाँटने वाचता येणार नाहीत.

पाटीपेन्सिल: कीबोर्डचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच बसवते. फोनचं काय? संताली निवडली आणि एखादं ॲप त्या भाषेत नसलं तर ते इंग्रजीत उघडेल ना?

बोरू: उघडेलच असं नाही. अँड्रॉइड ७ पासून भाषांची क्रमवार यादी करता येते. संताली यादीत दिसली तर ती वर ठेवा, तिच्याखाली प्रत्येकीला वाचता येणारी दुसरी भाषा, बंगाली, ओडिया, हिंदी, जी असेल ती. पहिली नसेल तर ॲप दुसरी घेतं. हे एकेकीला विचारूनच करा, सरसकट हिंदी लावू नका.

रानवाट: आणि फायरफॉक्समधला एखादा शब्द त्यांना खटकला तर लिहून ठेवा. पोंटूनवर खातं उघडून कुणालाही पर्याय सुचवता येतो, आणि रोज ती भाषा बोलणाऱ्या बायकांच्या सूचना भाषांतर करणाऱ्यांना हव्याच असतात.