मदत हवी आहे: पिल्लू वायरी चावतंय आणि गणपती तोंडावर आलेत

नमस्कार मंडळी. आमच्याकडे साडेचार महिन्यांची गावठी कुत्री आहे, चिंगी. जूनच्या पहिल्या पावसात पार्किंगमध्ये सापडली. आजवरचा हिशोब असा: सासऱ्यांच्या कोल्हापुरीचा अंगठा, दोन पायपुसणी, खराट्याचे निम्मे हीर आणि सोफ्याचा एक पाय. इथवर हसून घेत होतो.

परवा मात्र घाबरले. पावसात कपडे वाळत नाहीत म्हणून हॉलमध्ये टेबलफॅन लावतो. कुकर उतरवून बाहेर आले तर बाईसाहेब त्याची वायर दाढेखाली धरून निवांत बसलेल्या. तांब्याची तार दिसत होती. बटण बंद होतं म्हणून निभावलं.

आज सकाळी तिच्या फडक्यावर रक्ताचे ठिपके दिसले आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढा दात. हे ठीक आहे ना?

ओरडून पाहिलं, ती पलंगाखाली पळते आणि तिथे प्लायवूड कुरतडते. वायरीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तोही चाटून टाकला. नवरा म्हणतो एक चापट दे, ते मला पटत नाही. सासऱ्यांनी "फाटलीच आहे" म्हणून ती कोल्हापुरी तिलाच देऊन टाकली. चावायला नक्की काय द्यावं? आणि पंधरा दिवसांनी मखराला लायटिंगच्या माळा लागतील, त्यांचं काय करू?

मोगरी:
दात पडतोय ते अगदी वेळेवर. दुधाचे २८ असतात, चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. थोडं रक्त चालतं. बरेचसे दात ती गिळूनही टाकेल, काळजी नको. पक्का दात आला तरी शेजारचा दुधाचा सुळा हलत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखव.
कोल्हापुरी आधी काढून घे. जुनी कोणती नि पाहुण्यांची कोणती हे तिला कसं कळणार? दोन्हींना चामड्याचाच वास!
आम्ही सुती पंचा भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचो. गारव्याने हिरड्यांना आराम पडतो. धागे सुटायला लागले की फेकून द्यायचा. जाड गार गाजरही चालतं, पण समोर बसून.

नाना_कट्टा:
एवढं कशाला? मटणाचं नळीचं हाड द्या, दोन तास आवाज नाही. वायरीला लाल तिखट लावा. गावाकडे आम्ही हेच करतो.

मोगरी:
नाना, राग मानू नका, पण शिजवलेल्या हाडाच्या धारदार कपच्या निघतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस तसंच, आतडं तुंबतं, थेट ऑपरेशन. चावायच्या वस्तूवर नख दाबून बघायचं. जराही रुतलं नाही तर ती दातासाठी फार कडक. आणि तिखट डोळ्यात गेलं तर पिल्लू दिवसभर तळमळेल.

नाना_कट्टा:
बरं बुवा. आमची कुत्री नशीबवान होती म्हणायची.

तारकरी:
मी इलेक्ट्रिशियन, घरी दोन कुत्री. कडू लावण्यात वेळ घालवू नका, वायर तिच्या तोंडापर्यंत पोचताच कामा नये. भिंतीलगत केसिंग-पट्टी मारून घ्या. वापर झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढा. ती फॅनची वायर टेप गुंडाळून वापरू नका, बदला. मीटरबोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) आहे का बघा, नसेल तर गणपतीआधी बसवून घ्या, माणसांसाठीही.
देव न करो, पण शॉक बसलाच तर आधी मेन स्विच, मग कुत्र्याला हात. नंतर उठून खेळायला लागली तरी डॉक्टरकडे न्या. तोंड आतून भाजलेलं असू शकतं आणि फुप्फुसात पाणी काही तासांनीही होतं.

सोनटक्का:
गणपतीत माळांइतकीच खिरापत सांभाळा. त्यातला बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतो, किती खाल्ला तर चालेल असा हिशोबच नाही. चॉकलेटचे मोदकही नकोत. पाहुणी मुलं हमखास भरवतात, त्यांना दारातच सांगा. आम्ही आरतीच्या वेळी कुत्र्याला आतल्या खोलीत गार पंचा देऊन ठेवतो.
तोंडात काही धरलं तर मागे धावू नका, तो तिला खेळ वाटतो. उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुढे करा, तोंड आपोआप उघडतं. तेव्हाच "सोड" म्हणायचं. आणि दुपारी झोपू द्या हो. पिल्लाची झोप झाली नाही की ते जास्तच चावतं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. पंचा फ्रीजरमध्ये ठेवलाय, सासूबाईंनी "तो वेगळ्या डब्यात ठेव" एवढ्या अटीवर परवानगी दिली. आरसीसीबी आहे आमच्याकडे. त्याचं टेस्टचं बटण दाबलं, अख्खं घर अंधारात आणि सासऱ्यांची मालिका ऐन मोक्यावर गेली. चालतोय म्हणजे.
एक राहिलंच. देवघरातली तुपाची वात तिने काल पळवली. गिळली बहुतेक.

मोगरी:
एखादी कापसाची वात साधारण शीमधून निघून जाते. मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नकोस, आतडं कापलं जातं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदातही पडू नकोस. उलट्या करायला लागली, जेवली नाही किंवा पोट घट्ट लागलं तर लगेच डॉक्टर.

धागाकर्ती:
आत्ताच जेवली. माझ्या ओढणीचं टोक चघळतेय. अंडं आणते.