ड्राफ्टआधी ज्युनियर फॉरवर्ड कसा जोखायचा? डीब्रिंकॅट ३९ वा गेला ही चूक होती का?

निळी_रेषा (धागाकर्ता):
हॉकी म्हणजे इथे बर्फावरची. दर जूनमध्ये एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवी पोरं निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला की नव्या पोराच्या नावाने हाच वाद पेटतो. म्हणून ज्याचा निकाल लागून गेला आहे असं उदाहरण घेतो.

ॲलेक्स डीब्रिंकॅट. मिशिगनचा, जन्म १८ डिसेंबर १९९७, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. ओएचएल या ज्युनियर लीगमध्ये ईरी ऑटर्सकडून २०१४-१५ ला ६८ सामन्यांत ५१ गोल, २०१५-१६ ला ६० सामन्यांत पुन्हा ५१. तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीच्या तीसही जागा भरल्या आणि याला शिकागोने ३९ व्या क्रमांकावर उचललं. एनएचएलच्या पहिल्या मोसमात २८ गोल, दुसऱ्यात ४१.

माझं म्हणणं असं की हे तेव्हाच दिसत होतं. मुख्य आक्षेप होता, 'मॅकडेव्हिडच्या पासवर कोणीही गोल मारेल.' पण कॉनर मॅकडेव्हिड २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला गेला आणि ईरी सोडून एडमंटनला खेळू लागला. त्यानंतरच्या मोसमात याने आठ सामने कमी खेळून तेवढेच गोल केले. जोडीदार काढून घेतला तर खेळाडूत काय उरतं, हे एरवी अंदाजाने ठरवावं लागतं. इथे ते सगळ्यांसमोर घडलं होतं.

चौथी_लाइन:
असहमत. मॅकडेव्हिड गेला, पण डिलन स्ट्रोम होता की! २०१४-१५ ला १२९ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) करून ओएचएलमध्ये अव्वल आलेला, ड्राफ्टमध्ये तिसरा गेलेला सेंटर (मधला फॉरवर्ड). पुढच्या मोसमातही तो ईरीतच होता. म्हणजे एक उत्तम पासर गेला आणि दुसरा शिल्लक होता. शिकागोतल्या ज्या ४१ गोलांचा दाखला देताय, त्याच मोसमात नोव्हेंबर २०१८ ला स्ट्रोम शिकागोत आला आणि ५८ सामन्यांत ५१ गुण करून गेला. हा योगायोग नाही.

आणि उंचीला सगळे हसतात, पण त्यामागचं कारण कोणी नीट मांडत नाही. विंगरचं (कडेने खेळणारा फॉरवर्ड) सर्वांत अवघड काम स्वतःच्या क्षेत्रात, बोर्डाशी (बर्फाभोवतीच्या भिंतीशी) असतं. मागून आपला डिफेन्समन (बचावपटू) पक (रबरी चकती) बोर्डावरून फिरवून देतो. विंगरची पाठ मैदानाकडे, पक स्केटच्या आसपास, आणि समोरच्या संघाचा सव्वासहा फुटी डिफेन्समन निळी रेषा (आपल्या क्षेत्राची हद्द) सोडून अंगावर येतोय. पक तिथून आठ-दहा फूटही बाहेर निघाला नाही, तर तो परत आपल्याच गोलसमोर येतो. ज्युनियरमध्ये अंगावर येणारा सतरा वर्षांचा असतो, एनएचएलमध्ये अठ्ठावीसचा. लहान विंगर हे काम करू शकत नसेल तर कोच त्याला आघाडी राखताना बसवून ठेवतो. मग मिनिटं कमी, गोलही कमी. पहिल्या फेरीत ही जोखीम का घ्यायची?

आकडेमोड:
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. कच्चे गुण आधी सोलून घ्या. माझा क्रम असा: रिकाम्या गोलवरचे गोल वजा, दुसऱ्या असिस्ट वजा (गोलच्या दोन पास आधीचा पास दर वर्षी टिकत नाही, त्यात नशीब बरंच असतं), पॉवर प्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण वेगळ्या रकान्यात. उरतात ते पाच विरुद्ध पाचमधले गोल आणि पहिल्या असिस्ट. ते सामन्यागणिक नाही, खेळलेल्या मिनिटांगणिक मोजा, कारण ज्युनियरमधले कोच आवडत्या पोराला बर्फावर भरमसाट वेळ देतात. मिनिटं छापील मिळत नसतील तर शिफ्टा (बर्फावरच्या एकेका फेऱ्या) मोजा.

मग लीगचा गुणक, तो मात्र कच्च्या गुणांवरच लावतात. ओएचएलमधला गुण एनएचएलमध्ये साधारण ०.३ मोलाचा धरतात. डीब्रिंकॅटचा शेवटचा ज्युनियर मोसम २०१६-१७: ६३ सामन्यांत १२७ गुण, म्हणजे सामन्याला २.०२. गुणिले ०.३, गुणिले ८२ सामने, उत्तर साधारण ५०. पुढच्या वर्षी त्याने ८२ सामन्यांत प्रत्यक्षात ५२ केले. आता स्ट्रोमचे १२९ गुण याच गणितात घाला, ६८ सामन्यांत. उत्तर ४७ येतं. पण २०१७-१८ ला ॲरिझोनाकडून तो २१ सामन्यांत ९ गुणांवर अडकला. गुणक सरासरी सांगतो, एका पोराची हमी देत नाही.

वयाचं मात्र दोघांनीही सोडून दिलंत. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, म्हणून दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि तो २०१६ ला पहिला गेला. डीब्रिंकॅटही डिसेंबरचा. म्हणजे त्या यादीतल्या सर्वांत लहान पोरापेक्षा तो जवळपास नऊ महिन्यांनी मोठा. त्या वयात नऊ महिने म्हणजे बरंच काही, तेव्हा दुसऱ्या ५१ गोलांवर सूट धरायलाच हवी. पण त्याच हिशेबाने पहिले ५१ गोल ज्या मोसमात झाले, तो सुरू होताना पोरगा सोळाचा होता! स्काऊटांनी (संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनी) ताज्या मोसमावर सूट धरली आणि आदल्या मोसमाचं श्रेय मॅकडेव्हिडला देऊन टाकलं. चूक तिथे झाली, असं माझं मत.

चौथी_लाइन:
आकडे मान्य. मग नेल याकुपोव्हचं काय करायचं? ओएचएलमध्ये सार्नियाकडून २०१०-११ ला ६५ सामन्यांत १०१ गुण, तेही पहिल्याच मोसमात. २०१२ ला पहिला क्रमांक, एडमंटन. एनएचएलमधला त्याचा पहिला मोसम लहान, ४८ सामन्यांचा, त्यात १७ गोल. सगळे म्हणाले बघा, आकडे खरे ठरले. शेवटी एनएचएलची कारकीर्द ३५० सामन्यांत ६२ गोलांवर संपली. शॉट होता, वेग होता. पक जवळ नसताना कुठे उभं राहायचं, हे मात्र कधी बसलंच नाही. हे कुठल्या रकान्यात दिसतं?

बर्फवाट:
रकान्यात दिसत नाही, बर्फावर दिसतं. आणि तेही पकाकडे बघत बसलात तर नाही. एका सामन्यात एकच पोरगा निवडायचा आणि सलग पंधरा शिफ्टा फक्त त्याच्यावर नजर ठेवायची. पक येण्याआधीच्या दोन सेकंदांत तो मान वळवून किती वेळा मागे बघतो ते मोजा. जो बघतो, त्याला पक मिळाल्यावर थांबावं लागत नाही. जो बघत नाही, तो पक घेतो, मग डोकं वर काढतो, आणि तेवढ्यात जागा बंद झालेली असते. ज्युनियरमध्ये ही उशिराची सेकंद माफ होते, कारण समोरचा बचाव तितका आवळून खेळत नाही.

स्केटिंगबद्दल सरसकट 'हळू आहे' असा शेरा मारणाऱ्यांशी माझं कधीच पटत नाही. हळू का आहे ते लिहा. गुडघा पुरता वाकत नाही? ढकल पूर्ण व्हायच्या आत पाय उचलला जातो? टाच मागे उडते आणि जोर वाया जातो? हे तंत्राचे दोष, उन्हाळ्यातल्या मेहनतीने सुधारतात. पहिल्या तीन ढकलीतला स्फोटच नसेल तर तो नंतर आणणं फार अवघड.

ब्रेडन पॉइंट हे याचं उदाहरण. मूस जॉक या ज्युनियर संघाकडून २०१३-१४ ला ७२ सामन्यांत ९१ गुण, तरी २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ७९ वा, टँपाकडे. अंगाने लहान आणि स्केटिंगवर शंका. टँपाकडे बार्ब अंडरहिल होत्या, जोडीच्या फिगर स्केटिंगमधल्या १९८४ च्या विश्वविजेत्या. त्यांनी पायाचं तंत्र घडवून घेतलं. याच पॉइंटने २०२२-२३ ला ५१ गोल केले.

आणि कृपा करून कंबाइनच्या (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांच्या) आकड्यांवर कोणाला झोडू नका. २०१४ ला सॅम बेनेटला तिथे एकही पुल-अप काढता आला नाही, त्यावर केवढा गहजब झाला! चौथा गेला. २०२५ ला फ्लोरिडाच्या विजेत्या संघात प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच. अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यात ताकद यायची बाकी असते, एवढंच ती चाचणी सांगते.

निळी_रेषा (धागाकर्ता):
@चौथी_लाइन, बोर्डावरचा मुद्दा मला पटतो, पण त्यावर उंची हे एकच उत्तर नाही. लहान विंगर बोर्डापाशी किती लवकर पोचतो, ते बघा. आधी पोचला तर अंगावर येणाऱ्याला धडकायला माणूसच सापडत नाही, पक एका स्पर्शात सेंटरकडे गेलेला असतो. शिवाय डीब्रिंकॅटचे गोल कसे होते? उजव्या हाताचा शॉट, डाव्या विंगला खेळायचा, म्हणजे आलेला पास डाव्या वर्तुळातून न थांबवता मारता येतो. गोलरक्षक एका खांबापासून दुसऱ्याकडे सरकेपर्यंत पक काठीवरून सुटलेला असतो. अशा सुटण्याला उंची लागत नाही. याउलट ज्युनियरमधला एखादा पोरगा निळ्या रेषेच्या आत येऊन लांबून रिस्ट शॉट (मनगटाच्या झटक्याने) मारून तीस गोल करतो. त्यातले निम्मे वरच्या पातळीवर अडतात, कारण तिथले गोलरक्षक दिसणारा लांबचा शॉट सोडत नाहीत. म्हणून प्रत्येक गोल कुठून आणि कशावर झाला याची खूण कागदावर करायची.

टोरांटोकडच्या मंडळींना हे करून बघणं सोपं आहे. ओएचएलचा स्टीलहेड्स संघ आता जवळच्या ब्रॅम्प्टनला खेळतो. खाली काचेजवळ बसू नका, तिथून वेग कळतो पण रचना कळत नाही. वरच्या रांगेत कोपऱ्यात बसा.

चौथी_लाइन:
खूण करतो. तरी २०१६ ला माझ्या हातात पहिल्या दहातला क्रमांक असता तर मी तो डीब्रिंकॅटवर लावला नसता. पंचविसाव्याच्या पुढे असता तर लावला असता. आणि घेतल्यावर त्याला लगेच वर न आणता आणखी एक वर्ष ईरीत ठेवलं असतं, शिकागोने ठेवलं तसंच. त्या वर्षी त्याने ६५ गोल केले, आणि त्या मोसमात स्ट्रोम ईरीकडून फक्त ३५ सामने खेळला होता. माझ्या पहिल्या आक्षेपाला एवढं उत्तर पुरेसं आहे, पण ते ड्राफ्टनंतर आलं.